शब्दांना गाव विचारणारे सर

अन्याय आमच्या इंग्रजीच्या सरांवर झाला आहे. कधी झाला तेही सांगते. यंदा शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नववीच्या वर्गात हजेरी चालू असताना. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "सर, हापिसात बोलावलंय."

सर म्हणाले, "हजेरी होऊ दे की."

"आत्ताच या म्हणलेत."

सरांनी खडू खिशात टाकला आणि गेले. ते अजून वर्गात परत आलेले नाहीत.

कारण लेखी दिलंय. मुलांना अपमानास्पद नावांनी हाक मारणे. चौकशी होईपर्यंत सक्तीची रजा. चौकशी कोण करणार आणि कधी करणार, ते लिहायचं मात्र राहून गेलं.

आता मी, सरांची जुनी विद्यार्थिनी, मधे का बोलते? कारण सरांनी आजवर ज्यांना ज्यांना असली नावं दिली, त्या सगळ्यांत वाईट नाव माझं होतं. अपमान झालाच असेल तर सगळ्यात मोठा माझा झालेला आहे. मग मला विचारा. मला कुणी विचारलेलं नाही, म्हणून लिहिते.

आधी सरांची हजेरी समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. जूनमध्ये नववीचा वर्ग हातात आला की सर प्रत्येकाला एकेक इंग्रजी शब्द द्यायचे. एकदम नाही. रोज चार-पाच जणांना, आधी नीट बघून, बोलून, वर्गात कोण कसं बसतं, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं हेरून. एकदा शब्द मिळाला की वर्षभर इंग्रजीच्या तासाला तेच तुमचं नाव. हजेरीत सर तो शब्द पुकारणार आणि तुम्ही 'प्रेझेंट सर' म्हणायचं नाही. तुमचा शब्द घालून एक वाक्य म्हणायचं. कालचं वाक्य आज चालत नाही. वाक्य नसेल तर तुम्ही गैरहजर, मग पहिल्या बाकावर बसलेले असा नाहीतर सरांच्या मांडीवर.

त्या शब्दाच्या तीन गोष्टी तुम्हाला पाठ नव्हे, माहीत पाहिजेत. सर म्हणायचे, "अर्थ म्हणजे शब्दाचा आजचा पत्ता. उगम म्हणजे त्याचं गाव. आणि वापर म्हणजे त्याचा कामधंदा. नुसता पत्ता माहीत असलेल्या माणसाला आपण ओळखतो म्हणतो का? पोस्टमनला सगळ्या गल्लीचा पत्ता माहीत असतो."

आणि कुणी तुमचा शब्द चुकीचा वापरला, मग तो मुख्याध्यापक का असेना, की तुम्ही उभं राहून म्हणायचं, "सर, माझ्या शब्दाला दुखलं." सर स्वतः कधी 'चूक' म्हणाले नाहीत. पेपर तपासतानाही समासात 'दुखलं' एवढंच लिहायचे. जास्तच गडबड असली तर 'लई दुखलं'.

माणूस दिसायला कसा, तर विशेष काही नाही. शर्टाला दोन खिसे, एकात खडू, एकात भाजक्या शेंगा. खडूच्या खिशात हात घालून शेंग काढायचे आणि फळ्यावर लिहायला जायचे, हे आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. सायकलच्या कॅरिअरला एक जाडजूड शब्दकोश, टॉवेलमध्ये गुंडाळून, सुतळीनं बांधलेला. वर्गात तो टेबलावर ठेवला की आधी चप्पल काढायचे. आम्हाला वाटलं विद्येची पूजा वगैरे. एकानं विचारलंच. सर म्हणाले, "पूजा कसली? आत इतकी घरं आहेत. कुणाच्या घरात जाताना आपण चप्पल काढतो की."

एवढ्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, की हसू आलं नाही. मला तर भीतीच वाटली. शब्दाच्या आत घर असतं आणि त्यात कुणीतरी राहतं, हे मी तोवर कुणाकडून ऐकलेलं नव्हतं.

आमच्या वर्गात विंडो होती. विणकर घरातली, घरी तेलुगू बोलणारी, मराठीतही दबकत बोलायची. सरांनी तिला सांगितलं, विंडोचं गाव उत्तरेत, थंडीच्या देशात. तिथल्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. भिंतीला भोक ठेवायचे, त्यातून वारा घरात बघायचा. जूनचं ऊन, पत्र्याचा वर्ग, आम्ही सगळे घामानं चिंब, आणि ही पोरगी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, "सर, मागचे डोळे उघडू का?" त्या दिवसापासून आमच्या वर्गात खिडकी कुणी उघडली नाही. सगळ्यांनी डोळेच उघडले.

कम्पॅनियन होता. करमाळ्याकडचा, इथे मामाकडे राहायचा. मधल्या सुट्टीत मागच्या पायरीवर एकटा डबा खायचा. तो एकटा का खायचा हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. सरांनी त्याला शब्द दिला आणि सांगितलं, कॉम म्हणजे सोबत, पानिस म्हणजे भाकरी. ज्याच्यासोबत बसून भाकरी खातो तो कम्पॅनियन. त्यानं अर्थ सांगितला, गाव सांगितलं, आणि वापराला अडकला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर आपला डबा घेऊन त्या पायरीवर जाऊन बसले. कडक भाकरी मोडली, त्यावर शेंगाचटणी आणि दही घेतलं, आणि अर्धी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याच्या डब्यातली भाजी स्वतः उचलली. तोंडात घास असतानाच म्हणाले, "हा वापर." पुढच्या आठवड्यात त्या पायरीवर बसायला जागा मिळत नव्हती. भाषण नाही, बोधवाक्य नाही, काही नाही.

सरांनी कधी कुणाचं आडनाव विचारलं नाही. हजेरीच्या रजिस्टरवर आडनावांच्या रकान्यावर ते लाकडी पट्टी आडवी ठेवायचे. आपल्याकडे नवीन माणूस भेटला की दुसरा प्रश्न काय असतो? गाव कुठलं? मग आडनाव काय? आणि मग समोरच्याच्या चेहऱ्यावर एक चाचपणी सुरू होते, हा आपल्यातला की त्यांच्यातला. आम्ही बौद्ध. ती चाचपणी मी दुसरीपासून ओळखते. सर म्हणायचे, "माणसाला गाव विचारू नका. विचारणारा गावापाशी थांबत नाही, पुढं कुठं जातो मला माहिताय. विचारायचंच तर शब्दाला विचारा. तो खरं सांगतो आणि त्याला त्रासही होत नाही."

म्हणजे ह्या हजेरीत गंमत होती, पण ती नुसती गंमत नव्हती. वर्षभर एका तासापुरता का होईना, आम्ही सगळे बिनआडनावाचे होतो. हे ज्याला कळत नाही त्यानं कृपया 'अपमानास्पद नावं' असं लिहू नये.

एक किस्सा सांगते, म्हणजे सरांच्या वर्गातली मुलं किती दबलेली, अपमानित वगैरे असायची ते कळेल. महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहणारा एक माणूस शाळेत बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. भाषणात म्हणाला, "मी तुमच्या भागाचा कँडिडेट हाय." झालं. आमच्यातली कँडिडेट ताडकन उभी राहिली. मुख्याध्यापक हातानं 'बस, बस' करतायत, आणि ही माइक नसताना सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलतेय. कँडिडेटचं गाव जुनं रोम. तिथे मतं मागायला जाणारे लोक खडूनं पांढरे केलेले कपडे घालून फिरायचे. कँडिडस म्हणजे शुभ्र. त्यावरून कँडिडेट.

सगळं मैदान पाहुण्याच्या शर्टाकडे बघायला लागलं. खिशापाशी गुलालाचा मोठा डाग होता.

पाहुणा हुशार होता. स्वतःकडे बघून म्हणाला, "म्हंजे कापडं तर आमची बरोबर हाईत की!" सगळे हसले, सरही हसले. मग सरांनी मागून विचारलं, "वापर?"

पोरगी म्हणाली, "ही इज अ कँडिडेट. वुई विल सी."

पाहुण्याला इंग्रजी किती कळलं माहीत नाही, पण त्यानं टाळी वाजवली.

आता माझ्या शब्दाकडे येते. माझा शब्द शॉडी.

सरांनी शब्द दिला आणि म्हणाले, "पत्ता तू शोधून आण. गाव मी नंतर सांगतो." मी शेजारच्या क्लासवाल्या दादाला विचारलं. त्यानं मोबाइलवर बघून सांगितलं, "निकृष्ट. हलक्या प्रतीचं." मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. तिनं हात थांबवला.

"हलकं? कोण म्हणलं हलकं?"

"सरांनी नाव दिलंय."

"आन् बाकीच्या पोरींना?"

"एक विंडो आहे. एक कँडिडेट. एक मार्व्हल."

"मार्वल म्हंजे?"

"आश्चर्य."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली, आणि ती तशीच जळू दिली.

आई अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते. दुसऱ्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि सायकलवरून थेट शाळेत आली. केसांत कापसाचे तंतू तसेच. मला वर्गातून बाहेर काढलं, हाताला धरलं आणि शिक्षकांच्या खोलीत घुसली.

"इंग्रजीचे सर कोन?"

"मी. या, बसा ताई."

"बसायला न्हाय आले. समद्या वर्गाला चांगली चांगली नावं वाटली तुमी. कुनाला खिडकी, कुनाला नवल. आन् आमच्या पोरीला हलकं? आमचीच पोर गावली व्हय तुमाला हलकं म्हनायला? कुनाची हाय ते बघून दिलं का न बघता दिलं, तेवढं सांगा. मी जाते."

एक दुसरे सर म्हणाले, "बाई, जरा आवाज हळू."

आमचे सर त्यांच्याकडे वळले. "हळू कशाला? प्रश्न बरोबर आहे त्यांचा." मग आईकडे बघून म्हणाले, "बघून दिलं."

आईची पकड घट्ट झाली.

सर म्हणाले, "तिचं आडनाव मला माहीत नाही ताई, आणि सांगूही नका. पण सगळ्या वर्गात ही सगळ्यात जास्त भांडते, ते बघून दिलं. ह्या शब्दावर अन्याय झालाय. त्याला भांडणारं माणूस पाहिजे होतं. मी बरीच वर्षं हा शब्द कुणाला दिलाच नव्हता."

"शब्दावर कसला आलाय अन्याय? अन्याय मानसावर होतो."

"माणसावरचाच शब्दावर चढतो. रविवारी वेळ आहे का? शब्दाचं गाव दाखवतो. नाही पटलं तर वर्गात, सगळ्यांसमोर, तुमची आणि हिची माफी मागतो आणि शब्द परत घेतो."

आईला हे अपेक्षित नव्हतं. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं रविवारचं बोलावणं दिलं, तर काय करायचं असतं? ती म्हणाली, "कुटं हाय हे गाव?"

"तसं विलायतेत आहे. पण त्याची भावकी तुमच्याच एमआयडीसीत आहे."

रविवारी आम्ही दोघी गेलो. सर आधीच येऊन थांबलेले, सायकलला शब्दकोश बांधलेला. आईच्या कारखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एक शेड होती. बाहेर चिंध्यांचे डोंगर, टेलरकडची कातरणं, जुने कपडे, फाटके टॉवेल. आत एक यंत्र. दातांचा मोठा रूळ फिरत होता, एका बाजूनं चिंध्या आत जात होत्या आणि दुसऱ्या बाजूनं नुसता पिंजलेला भुगा बाहेर पडत होता. त्याचंच पुढे जाड सूत काढतात, सतरंज्यांना वगैरे. मी त्या रस्त्यानं कितीदा गेले असेन, आत कधी बघितलं नव्हतं. सरांनी दारात चप्पल काढली.

आतला कामगार ओरडला, "ओ सर, घाला घाला! सुया असतात हितं."

"बरं," म्हणाले आणि परत घातली.

मग यंत्राच्या आवाजात त्यांनी आम्हाला ओरडून ओरडून जे सांगितलं, ते मी तुम्हाला शांतपणे सांगते. दोनेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडात, यॉर्कशर भागात, लोकांनी जुने लोकरी कपडे फाडून त्यांची पुन्हा लोकर करायला सुरुवात केली. त्यात थोडी नवी लोकर मिसळायची, सूत काढायचं, कापड विणायचं. ज्याला नवा कोट परवडत नाही त्याच्या अंगावर ऊब येऊ लागली. त्या मालाचं नाव शॉडी. शिवी नव्हे. आपण चादर म्हणतो, टॉवेल म्हणतो, तसं मालाचं नाव. पानिपतला आजही जुन्या कपड्यांचं सूत काढतात आणि बाजारात त्याला शॉडीच म्हणतात, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

पुढे अमेरिकेत युद्ध पेटलं. सैनिकांना घाईनं गणवेश पाहिजे होते. ठेकेदारांनी झाडलोट, भुगा, मिळेल ते दाबून त्याचं कापड केलं आणि सरकारला विकलं. सैनिक पावसात उभे राहिले आणि अंगावरच्या गणवेशाचा लगदा झाला. लोक खवळले. वर्तमानपत्रं खवळली. आणि शिव्या कुणाला बसल्या? शॉडीला. तेव्हापासून निकृष्ट कामाला शॉडी म्हणायचं. शॉडी माल, शॉडी बांधकाम, कुणाला वाईट वागवलं तर तेही शॉडी.

सर मूठभर भुगा हातात धरून उभे होते. डोळ्यांत पाणी होतं. ते तंतूंमुळे होतं की कशामुळे, मला अजून माहीत नाही. "त्या ठेकेदारांची नावं आज कुणाला आठवत नाहीत," ते म्हणाले. "कापडाचं नाव मात्र जगभर शिवी झालं."

मी विचारलं, "पण शॉडी हे नाव पडलं कशावरून?"

"नक्की माहीत नाही. काहीजण म्हणतात, काम करताना जे तंतू झडून खाली पडतात त्यावरून. पुरावा पक्का नाही. पक्का नाही तर तसंच सांगायचं, काय? गाव माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायचं. आपल्या मनानं गाव लावून द्यायचं नाही कुणाला. आणि तिकडे लोकर होती, इथे सूत आहे. मी भावकी म्हणालो, सख्खा भाऊ नाही म्हणालो."

हे मी विसरलेले नाही. मला शिकवणाऱ्या माणसांपैकी 'माहीत नाही' असं छाती पुढे काढून म्हणणारा तो पहिला माणूस.

आईनं खालचा चिमूटभर भुगा उचलला, बोटांत चोळला. "म्हंजे घान केली ठेकेदारानं, आन् नाव गेलं कापडाचं."

"हो."

"मग हे आमच्या मुकादमासारकंच झालं की. सूत कुजकं घेतो त्यो, आन् टॉवेल फाटला की म्हनतो बायकांनी कड नीट न्हाय घातली."

सरांनी जोरात मांडीवर थाप मारली. "वापर! ताई, हा वापर झाला!" यंत्रावरचा कामगार दचकून बघायला लागला.

निघताना आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या नाव. पन वर्गात कोन फिदीफिदी हासलं ना, तर म्या परत येनार."

"या की. चहा टाकतो."

त्या वर्षी मी हजेरीत शॉडीची किती वाक्यं केली असतील, देव जाणे. त्यातलं एक विसरू शकत नाही. शाळेची नवी कुंपणभिंत पहिल्याच पावसात कलंडली. दुसऱ्या दिवशी हजेरीत मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "द वॉल इज शॉडी."

सर थांबले. पेन खाली ठेवलं. "भिंत?"

मी म्हणाले, "पडली की, सर."

"भिंतीनं काय केलं? भिंतीला कुणी विचारलं होतं का, किती सिमेंट घालू म्हणून? कुणाला शॉडी म्हणायचंय, नीट बघून म्हण."

मी म्हणाले, "द कॉन्ट्रॅक्टर इज शॉडी."

"आता बस."

ते विशेषण भिंतीवरून उचलून माणसावर ठेवायला मला त्या दिवशी जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात माझं सगळं शिक्षण झालं असं मी मानते. आजही कुठे काही कोसळलं, कुजलं, बुडालं आणि लोक त्या वस्तूच्या नावानं बोटं मोडायला लागले, की मला ते थांबलेले सर दिसतात, आणि मी विचारते, कुणी केलं ते सांगा.

सर मला अजून त्याच नावानं हाक मारतात. मागच्या दिवाळीत नवी पेठेत, भर गर्दीत, सायकलवरून ओरडले, "ए शॉडी!" चार लोक वळून बघायला लागले. मी पण तेवढ्याच मोठ्यानं ओ दिली. कोण चांगल्या घरची असती तर लाजली असती, असं एक बाई म्हणाल्या. मी चांगल्या घरचीच आहे.

तर मग यंदा काय झालं? यंदा सरांनी एका मुलाला व्हिलन हा शब्द दिला.

व्हिलनचं गाव माहीत आहे? खरोखरच गाव आहे. व्हिला म्हणजे शेतावरचं घर. त्या शेतावर राबणारा, खेड्यात राहणारा साधा माणूस, तो व्हिलन. वाड्यात राहणाऱ्यांना राबणारी माणसं घाणेरडी, लबाड वाटायची, म्हणून हळूहळू त्यांच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ बदमाश असा झाला. सरांनी हे सगळं मुलाला सांगितलं. मुलगा खूश. त्याच्या घरची शेती करकंबला आहे, मोठा ऊस आहे, सोलापुरात बंगला आहे. त्या रविवारी बंगल्यावर वडिलांचे पाहुणे जमलेले. पोरगं धावत आलं आणि सगळ्यांच्या देखत आजोबांना म्हणालं, "आजोबा, तुम्ही व्हिलन! पप्पा पण व्हिलन! आपण सगळे खानदानी व्हिलन!"

आणि का, तेही सांगितलं. आजोबांनी उभं आयुष्य स्वतः नांगर धरलेला. ते म्हणे पोट धरून हसले. "मग म्या तर लई जुना व्हिलन हाय!" पाहुणेही हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी संस्थेतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. मंगळवारी हजेरी बंद पडली.

हे मला त्या मुलाच्याच मोठ्या बहिणीनं सांगितलं. तीही सरांची विद्यार्थिनी आणि ती रडत होती.

त्या वडिलांना राग आला, ह्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पोराला व्हिलन म्हटलेलं कुणाला आवडेल? माझ्या आईला तरी शॉडी कुठे आवडलं होतं? पण माझी आई आली. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, समोर उभी राहून भांडली, आणि उत्तर ऐकायला रविवारी परत आली. ह्यांनी फोन केला. माझ्या आईकडे फोन लावायला कुणी नव्हतं म्हणून ती आली, असं कुणी म्हणेल. असेल. तरी ती आली. आणि संस्थेनं? एवढ्या वर्षांत एकदाही वर्गात येऊन न बसलेल्या लोकांनी, एका फोनवर, एका माणसाची हजेरी अर्ध्यात थांबवली. ह्याला काय म्हणतात ते मी सांगत नाही. माझा शब्द आहे, मी जपून वापरते.

मागच्या आठवड्यात मी सरांच्या घरी गेले. जुळे सोलापुरातल्या दोन खोल्या. मला वाटलं खचले असतील. सर खाटेवर बसून शेंगा सोलत होते. "ये शॉडी. हजेरी कोण घेतंय गं आता?"

"बदलीचे सर. नंबरानं घेतात."

"नंबरानं." सोललेला दाणा त्यांच्या हातातच राहिला. "अर्ध्या वर्गाला शब्द द्यायचे राहिलेत. खिडकीजवळची एक मुलगी आहे, कुणाशीच बोलत नाही. तिच्यासाठी शब्द बघून ठेवला होता."

"कुठला?"

"तुला कसा सांगू? तिचा आहे तो."

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, "सर, तुम्ही उत्तर का देत नाही? लिहून द्या ना, की मुलांचा अपमान होत नाही म्हणून."

"हे मी कसं लिहून देऊ?" ते खरंच गोंधळून म्हणाले. "अपमान झाला की नाही, हे हाक मारणाऱ्यानं सांगायचं असतं का? ज्याला हाक मारली त्यानं सांगायचं. झाला असेल कुणाचा तर मला कळलंच पाहिजे. मी तेवढं विचारा म्हणालो हापिसात. म्हणाले, गरज नाही."

स्वतःच्या नोकरीवर गदा आलेली असताना हा माणूस विचारतोय, माझ्यामुळे कुणाला दुखलं का. मी हात टेकले. मी मोर्चे बघितलेत, भाषणं बघितलीत, तुरुंगात जाऊन आलेली माणसं बघितलीत. एवढं सरळ उभं राहिलेलं माणूस मी बघितलं नाही, आणि ते खाटेवर बसलेलं होतं.

आता कामाचं बोलते.

येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता शाळेत पालकसभा आहे. विषयपत्रिकेत शेवटी, चहापानाच्या आधी, एका ओळीत टाकलंय: इंग्रजी विषयासाठी नवीन शिक्षकास मान्यता. हात वर करून मंजूर करून घेणार आणि उद्या म्हणणार, पालकांचीच मागणी होती. तो हात एकदा वर गेला की सर परत वर्गात येत नाहीत. चौकशीही होत नाही आणि राहिलेल्या मुलांना शब्दही मिळत नाही.

तुमचं मूल त्या शाळेत असेल तर सभेला बसा आणि त्या ओळीपाशी हात खाली ठेवा. उठून विचारा, ज्यांना हाक मारली त्यांना तुम्ही विचारलं का?

तुम्ही स्वतः सरांच्या वर्गात असाल तर तुम्हीच साक्षीदार आहात. या आणि तोंडानं सांगा, तुमचा अपमान झाला की नाही. झाला असेल तर तेही माझ्या शेजारी उभं राहून सांगा, मी अडवणार नाही. पण घरी बसून 'सर चांगले होते हो' असं म्हणू नका.

आणि तुम्ही ह्यातले कुणीच नसाल, तर ह्या शहरात शिकलेलं एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असेल. त्याला आज फोन करा. संध्याकाळी नको, आत्ता. त्याला घेऊन या.

पालक नसलेल्यांना फाटकावर अडवतील. तरी या.